ल्योंमध्ये मधल्या वेळचं खाणं

मुलीला फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या शाळेत घालायला गेलो तेव्हा काय काय विचारायचं ते मी मनाशी ठरवून गेले होते. भाषा येत नाही तर कसं, रडायला लागली तर काय, शी-शूला जायचंय हे कसं सांगेल. शाळेतल्या बाईंनी हे सगळं दोन मिनिटांत उरकलं. वेळ गेला तो जेवणावर. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवणार का, आठवड्यातले कोणते वार, मेनू मांसाचा हवा की बिनमांसाचा, कसली ॲलर्जी आहे का, घरचं उत्पन्न किती. उत्पन्न कशाला, तर जेवणाचा दर त्यावर ठरतो. ज्यांचं कमी त्यांना तेच ताट कमी पैशांत मिळतं. मग मी विचारलं, सकाळच्या सुट्टीतल्या खाऊचा डबा कुठे ठेवायचा? डबा आणायचा नाही, असं उत्तर आलं. सकाळचा नाही आणि दुपारचाही नाही. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी डॉक्टरांच्या कागदावर वेगळी सोय होते, बाकीच्यांनी बाराच्या सुमारास टेबलाशी बसून एकत्र जेवायचं.

तीन वर्षांचं पोर. सकाळी दूध आणि लोणी लावलेला पाव खाऊन जाणार, आणि दुपारच्या जेवणापर्यंत पोटात काही नाही. माझा जीव खालीवर झाला. मी रत्नागिरीची. आमच्याकडे मधल्या सुट्टीचा डबा, शाळेतून आल्यावरचं खाणं, दिवेलागणीला आजीच्या डब्यातला लाडू, आणि या सगळ्याच्या अधेमधे जाता-येता तोंडात टाकायला दाणे किंवा पोहे. मूल ‘भूक लागली’ म्हणालं की दुसरं काही न विचारता त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, हीच माया. त्या मायेत काही चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

पण इथली पद्धत आमच्या घरात हळूहळू रुजली आणि मला ती मनापासून आवडली. ती कशी रुजली ते लिहायचं कारण असं, की फ्रेंच लोक मधेमधे खात नाहीत हे आपल्याकडे त्यांच्या अंगचा संयम असल्यासारखं सांगितलं जातं. जवळून बघितल्यावर मला वेगळंच दिसलं. शाळा, ऑफिस, हॉटेलांच्या वेळा, सरकारी नियम, शेजारीपाजारी, सगळ्यांनी मिळून जेवणाच्या वेळा धरून ठेवल्या आहेत. एकट्या माणसाने मनाशी निर्धार करून हे फार दिवस टिकलं नसतं.

सकाळच्या खाऊचंच बघा. वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत इथल्या बालवर्गांतही सकाळी दहाच्या सुमारास दूध-बिस्किटं देण्याची प्रथा होती. 2004 मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की या खाण्याची गरज नाही, उलट त्याने मुलांची दुपारच्या जेवणाची भूक मरते. शिक्षण खात्याने शाळांना तसं कळवलं आणि बहुतेक ठिकाणी ते बंद झालं. सप्टेंबर 2005 पासून शाळांमधली चॉकलेटं आणि शीतपेयं विकणारी यंत्रं कायद्याने गेली. 2007 पासून टीव्हीवर गोड पेयांची, बिस्किटांची जाहिरात लागली की खाली एक पट्टी येते. कधी त्यात रोज किमान पाच फळं-भाज्या खा असं असतं, कधी दोन जेवणांच्या मधे चरू नका असं. चरण्याला इथे ‘ग्रिन्योताज’ म्हणतात, आणि ते आयांच्या, डॉक्टरांच्या तोंडी सतत असतं.

शाळेच्या फाटकावर पुढच्या जेवणांचा तक्ता लागतो. सगळे आईबाप तो उभ्या उभ्या वाचतात, मीही वाचायला लागले. किसलेली गाजरं लिंबू-तेल घालून, मग मासा आणि पालक, मग चीजचा तुकडा, मग सफरचंद. दुसऱ्या दिवशी बीटची कोशिंबीर, मसूर आणि भात, दही, पेअर. रोज चार भाग आणि त्यांचा क्रम ठरलेला. यामागे 2011 चा एक सरकारी आदेश आहे, तो मी वाचून काढला कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. हिशेब एका दिवसाचा नसतो, सलग वीस जेवणांचा असतो. वीसपैकी किमान दहा वेळा सुरुवातीला कच्ची भाजी किंवा फळ. किमान आठ वेळा शेवटी ताजं फळ. तळलेलं चार वेळांहून जास्त नाही. पाणी आणि पाव हवा तेवढा. मीठ, केचप, मेयोनीज मात्र टेबलावर मोकळं ठेवायचं नाही, पदार्थाबरोबर वाढून द्यायचं.

एकदा पालकांना कॅन्टीनमध्ये जेवायला बोलावलं होतं. सहा-सहा मुलांची बुटकी टेबलं, मधे पावाची टोपली आणि पाण्याचा जग. एक मुलगा सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत होता, तो त्या दिवशीचा त्याचा मान. पहिल्यांदा फक्त काकडी आली, दह्यातली. टेबलावर दुसरं काहीच नाही. मुलं सकाळपासूनची भुकेली, त्यामुळे काकडी बघता बघता संपली. मग फ्लॉवरचं ग्रातँ आलं, म्हणजे वर चीज आणि पांढरा सॉस घालून भाजलेला फ्लॉवर. माझ्या समोरच्या मुलीने तोंड वाकडं केलं. वाढणाऱ्या बाई तिच्याशेजारी बसल्या, म्हणाल्या, “एक घास चाख. मग ठेवलंस तरी चालेल.” तिने एक घास खाल्ला आणि ठेवला. कोणी ओरडलं नाही, कोणी आग्रह केला नाही, आणि बदली म्हणून बिस्किटही दिलं नाही. पुढच्या भागात दही आणि फळ होतं, ते तिने खाल्लं.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ हे आजीकडून हजारदा ऐकलेलं. भुकेलं पोर समोर येईल ती भाजी खातं, हे त्या म्हणीत आहेच. इथे त्यांनी त्यावर अख्खं जेवण रचलंय. भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा समोर भाजी ठेवायची, पोट निम्मं भरल्यावर बाकीचं आणायचं. त्यानंतर मी घरी रात्रीचं ताट वाढायची पद्धत बदलली. आधी फक्त कोशिंबीर येते, गाजराची, काकडीची, कधी दाण्याचं कूट घातलेली कोबीची. ती संपली की पोळी-भाजी किंवा आमटी-भात. मग वाटीभर दही, शेवटी फळ. पदार्थ सगळे आमचेच, क्रम तेवढा त्यांचा. ताटात सगळं एकदम असायचं तेव्हा मुलगी कोशिंबीर शेवटपर्यंत बाजूला सारायची, आता तीच आधी संपते. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या आयांना मी हे आवर्जून सांगते.

आता साडेचारचं सांगते, कारण सगळी किल्ली तिथे आहे. शाळा साडेचारला सुटते आणि फाटकाबाहेर प्रत्येक आईच्या, बापाच्या, आजोबांच्या हातात कागदी पिशवी असते. साडेचारच्या या खाऊला ‘गूते’ म्हणतात आणि मुलांना तो रोज मिळतो, ठरलेल्या वेळी, हक्काने. बेकरीतला ताजा पाँ-ओ-शोकोला, म्हणजे आत चॉकलेट असलेला पापुद्र्यांचा पाव, नाहीतर पाव उभा चिरून त्यात दडपलेली चॉकलेटची वडी, सफरचंदाचा गोड लगदा, केळं, दूध. ल्योंमध्ये गुलाबी साखरेतले बदाम घातलेला ब्रिओश, म्हणजे मऊ गोडसर पाव, मिळतो, तो मिळाला की मुलं टाचा उंच करून पिशवीत डोकावतात. बागेच्या बाकावर बसून खातात, तोंड चॉकलेटने माखतं, हात झटकून घसरगुंडीकडे पळतात. गोड खाल्लं म्हणून कोणी डोळे वटारत नाही. पिशवी बंद झाली की मात्र साडेसातच्या जेवणापर्यंत काही नाही.

आमच्याकडे अवघड गेला तो संध्याकाळी सहा ते साडेसातचा वेळ. स्वयंपाकाचा वास सुटलेला, मुलगी ओट्याशी येऊन “आई, एकच बिस्कीट” म्हणत उभी. माझा हात डब्याकडे जायचा. वरच्या मजल्यावरच्या मादाम, निवृत्त शिक्षिका, एकदा अशाच वेळी काहीतरी द्यायला आल्या होत्या. त्यांनी मुलीला विचारलं, भूक लागली? छान! मग आज जेवण मस्त लागणार. एवढंच म्हणाल्या. भूक लागली हे ऐकून त्यांना आनंद झाला होता, आणि मुलीलाही त्यात काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. माझ्या डोक्यात भूक म्हणजे तातडीने मिटवायची गोष्ट होती. इथे जेवणाआधीची अर्धा-पाऊण तास भूक ही जेवणाचाच भाग मानतात. तेव्हापासून मी मुलीला त्या वेळात कामाला लावलं. टेबल मांडायचं, काकडी सोलायची, मटार सोलायचे. मटार सोलताना दोन-चार तोंडात जातात, त्याला आमच्या घरात परवानगी आहे.

रोजच्या घाईबाहेरचं जेवण कसं असतं ते त्याच मादामकडे एका रविवारी बघायला मिळालं. साडेबाराला बसलो ते चार वाजत आले तेव्हा कॉफी आली. आधी सोफ्यावर आपेरो, म्हणजे मोठ्यांना वाईन आणि मुलांना सरबत, बरोबर ऑलिव्ह, खारे काजू, चिप्स. चिप्सना इथे जागा आहे ती ही, माणसं जमल्यावर, जेवणाआधी, वाटीभर. मग टेबलावर लीकच्या, म्हणजे कांद्याच्या पातीसारख्या जाड भाजीच्या, देठांची थंड डिश, मग कोंबडी आणि बटाटे, मग हिरव्या पानांचं सॅलड, मग चीजचं ताट. त्यांची दहाएक वर्षांची नात ब्री नावाचं मऊ चीज कापत होती. ब्रीचा तुकडा त्रिकोणी असतो, मऊ गाभ्याचं टोक एकीकडे आणि जाड साल दुसरीकडे. तिने टोक आडवं उडवलं नाही, टोकापासून सालीपर्यंत लांबट काप काढला आणि ताट पुढे सरकवलं. टोक एकट्याने घेतलं तर पुढच्याच्या वाट्याला नुसती साल येते, म्हणून इथे मुलांना लहानपणापासून असंच कापायला शिकवतात. पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत सगळं पुरेल अशा हिशेबाने वाढणारी माझी मावशी त्या क्षणी डोळ्यांसमोर आली.

2010 मध्ये युनेस्कोने ‘फ्रेंचांचं गॅस्ट्रोनॉमिक जेवण’ अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात कुठल्या एका पदार्थाला मान दिलेला नाही. लग्न, वाढदिवस, भेटीगाठी यांसाठी एकत्र बसून, क्रमाने, गप्पा मारत जेवायची जी रीत आहे, तिचा तो मान आहे. आणि गप्पा कशाच्या, तर निम्म्या जेवणाच्याच. हे चीज कुठल्या गावचं, मागच्या वेळी लीक कसे झाले होते, ल्योंमधल्या क्र्वा-रूस भागातल्या बाजारात यंदा जर्दाळू कधी आले.

ऑफिसातही तेच. बारा-साडेबाराला आमचा मजला रिकामा होतो. फ्रान्सच्या कामगार नियमांत कामाच्या जागी कर्मचाऱ्यांना जेवू द्यायला मालकाला मनाई आहे, त्याने जेवायची वेगळी सोय करायची असते. कोविडच्या काळात, 2021 मध्ये, अंतर राखता यावं म्हणून हा नियम तात्पुरता सैल केला, तेव्हा त्याची बातमी झाली. आधी पुण्यात एका हाताने कीबोर्ड आणि दुसऱ्या हाताने पोळीची गुंडाळी, असं मी वर्षानुवर्षं जेवलेय. इथे सहकारी “चल, बारा वाजले” म्हणून घ्यायला येतात. वाटेत अनोळखी माणूससुद्धा ‘बॉनापेती’, म्हणजे सावकाश जेवा, असं म्हणतो. तासभर बसतो, बहुतेक जण सुरुवातीचं आणि मुख्य, नाहीतर मुख्य आणि गोड, असं दोन भागांचं जेवण घेतात, आणि मग चारपर्यंत खरोखर खाण्याची आठवण होत नाही. पोटभर आणि सावकाश जेवलं की मधली खाखा आपोआप कमी होते. माझ्या डब्यातली चकली ड्रॉवरमध्ये पडून राहायला लागली तेव्हा मला हे पटलं.

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या आसपास उघडतात. तीन वाजता जुन्या ल्योंमध्ये फिरून दमलात आणि भूक लागली, तर ज्यांच्या पाटीवर ‘सेर्व्हिस काँतिन्यू’, म्हणजे दिवसभर जेवण चालू, असं लिहिलंय अशी थोडी ठिकाणं, बेकऱ्या आणि कबाबची दुकानं, एवढंच उघडं असतं. लहान मुलं किंवा मधुमेह असलेली माणसं बरोबर असतील तर पिशवीत काहीतरी असू द्या. या शिस्तीची ही बाजू मला खटकते. गरोदर मैत्रिणीला डॉक्टरांनी थोडं थोडं, वरचेवर खायला सांगितलं होतं, आणि मीटिंगमध्ये ती संकोचून बदाम खायची. सगळ्यांची भूक एकाच घड्याळावर चालत नाही, आणि तब्येतीचा प्रश्न असेल तिथे घड्याळानेच माघार घ्यायला हवी.

शाकाहाऱ्यांचंही सांगायला हवं. मी मासे खाते, नवरा अंड्यापलीकडे जात नाही. ‘बिनमांसाचा मेनू’ म्हणजे शाकाहारीच असं समजू नका, त्यात मासा असू शकतो. पारंपरिक फ्रेंच चीजपैकी बहुतेक वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणासारख्या द्रव्याने, लावलेली असतात, आणि मऊ गोड पदार्थांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटीन असू शकतं. पाकिटावर बारीक अक्षरांत वाचायची सवय लागते. 2018 च्या कायद्यामुळे नोव्हेंबर 2019 पासून शाळांच्या कॅन्टीनमध्ये आठवड्यातून एक जेवण शाकाहारी ठेवणं सक्तीचं झालं. सुरुवातीला तो प्रयोग होता, 2021 च्या कायद्याने तो कायम झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ल्योंचे महापौर ग्रेगोरी दूसे यांनी कोविडमुळे वाढप लवकर उरकावं म्हणून सगळ्या मुलांना काही काळ बिनमांसाचा एकच मेनू द्यायचं ठरवलं. त्यात मासे, अंडी होतीच, तरी देशाचे मंत्री विरोधात बोलले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नगरपालिकेसमोर आले. मुलांच्या ताटात काय पडतं याकडे अख्खा देश किती डोळ्यांत तेल घालून बघतो, हे मला त्या दिवसांत कळलं.

सगळीकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. शाळेतल्या मधल्या सुट्टीतून बाहेर पडणारी मोठी मुलं बर्गर आणि चिप्स घेऊन फुटपाथवर बसलेली रोज दिसतात. कॅन्टीनचं जेवण गावागावांत वेगळं असतं, काही ठिकाणी मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येऊन नुसतं गरम होतं. जेवणाची तासभर सुट्टी ही ऑफिसवाल्यांची चैन आहे, आमच्या इमारतीत सफाईला येणाऱ्या बाई दोन कामांच्या मधे ट्राममध्येच सँडविच खातात. रीत टिकवायला वेळ लागतो, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नाही.

सासूबाई साताऱ्याहून आल्या त्या बुंदीचे लाडू, चिवडा आणि शंकरपाळे घेऊन. नात मागेल तेव्हा द्यायची त्यांची पद्धत, आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या आजीला नियम सांगायला माझी जीभ रेटेना. मीच त्यांना साडेचारला शाळेवर घेऊन गेले. पिशवीत शंकरपाळे होते. बागेत मुलीच्या मैत्रिणी भोवती जमल्या, एकीने विचारलं आत काय आहे, दुसरीने तिसऱ्यांदा हात पुढे केला. सासूबाई खूश. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून चार वाजता तयार होऊन बसल्या, डबा हातात. संध्याकाळी सहाला नात काही मागायला गेली तर म्हणाल्या, “आता जेवायचंय ना बाळा, उद्या बागेत.” लाडवांचा डबा मग साडेचारच्याच नावाने राहिला. त्यांनी एकदा मला सांगितलं, “आमच्या लहानपणी पानं घेतल्याशिवाय कोणाच्या हातावर काही पडत नसे. वाड्यात पंचवीस माणसं, प्रत्येकाला मधेमधे देणार कोण?” श्लोक म्हणून, सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर एकदम जेवायला सुरुवात करणं त्यांना नवं नव्हतं. त्यामुळे चार भागांचं जेवण त्यांना परकं वाटलं नाही. परकं वाटलं ते जेवणानंतरचं चीज. त्याऐवजी त्या ताकाचा पेला घ्यायच्या, आणि मादामना तो इतका आवडला की आता त्या घरी जिरं घालून ताक करतात.

आम्ही आता साडेसातला जेवतो. नवऱ्याची पुण्याच्या टीमबरोबरची मीटिंग त्याने दुपारात सरकवून घेतली. मोबाइल टेबलावर नसतो. दिवाळीचा फराळ बागेत वाटायचा हे ठरून गेलंय, करंजीतल्या खोबऱ्याची मुलं वाट बघतात. रत्नागिरीला मात्र आम्ही एप्रिलच्या सुट्टीत जातो, तेव्हा आमच्या बागेत हापूसचा हंगाम असतो. त्या दिवसांत सकाळी, दुपारी, झोपायच्या आधी, कधीही आंबा मागितला तर मिळतो, आणि हा एक अपवाद मी कायम ठेवणार आहे.